रॉटरडॅम बंदर आणि ऱ्हाईन नदीवरील मालवाहतूक

नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे जिल्ह्यांतील निर्यातक्षम द्राक्षे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात जहाजावर चढतात आणि त्यांतील मोठा हिस्सा नेदरलँडमधील रॉटरडॅम बंदरात उतरतो. निर्यातीचे तक्ते पाहिल्यास भारतीय द्राक्षांचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणून नेदरलँडचेच नाव आढळते. वास्तविक एवढासा देश इतकी द्राक्षे खाऊ शकत नाही. माल तेथे उतरतो, तपासला जातो, पुन्हा भरला जातो आणि जर्मनी व आजूबाजूच्या देशांकडे रवाना होतो. आपल्या बागायतदाराच्या कानावर मात्र "कंटेनर रॉटरडॅमला लागला" एवढेच शब्द येतात. हे बंदर का व कसे चालते, त्याच्या पाठीमागची नदी कशी राबवली जाते, तेथील बार्जमालकांचे भाडे कोण ठरवते आणि पाणी कमी पडले की शेती व वाहतूक यांचा वाद कसा सोडवला जातो, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. द्राक्ष उत्पादकांना तिचा थेट उपयोग आहेच. पण पाणीवाटप आणि बाजारपेठ या दोन विषयांत रस असणाऱ्या कोणाही शेतकऱ्यास तीत विचार करण्याजोगे बरेच सापडेल.

बंदराची जागा

ऱ्हाईन नदी स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात उगम पावते, जर्मनीतून उत्तरेकडे वाहते आणि लोबिथ या गावाजवळ नेदरलँडमध्ये शिरते. तेथून थोड्याच अंतरावर तिचे फाटे फुटतात. सर्वांत मोठा फाटा वाल नावाने ओळखला जातो आणि एकूण पाण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश पाणी त्यातून जाते. नदीच्या मुखाशी रॉटरडॅम वसले आहे. म्हणजे एका बाजूस उघडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूस जर्मनीच्या कारखानदारीच्या पोटातून येणारी नदी, अशी ही मोक्याची जागा आहे.

जागा मोक्याची असली तरी आयती मिळालेली नाही. एकोणिसाव्या शतकात नदीची जुनी मुखे गाळाने भरली आणि मोठी जहाजे शहरापर्यंत येईनाशी झाली. तेव्हा पीटर कालांड या अभियंत्याने वाळूच्या टेकड्या कापून समुद्रापर्यंत सरळ वाट काढण्याची योजना मांडली. ही वाट १८७२ साली खुली झाली. तिचे नाव 'न्यूवे वाटरवेख', म्हणजे नवा जलमार्ग. नदीचा प्रवाह आपणच तळ खरवडून वाट खोल करील, अशी कालांड यांची अपेक्षा होती. ती काही पुरी झाली नाही. गाळ साचू लागला आणि पुढे यंत्राने गाळ काढूनच मार्ग खोल करावा लागला. गाळ काढण्याचे काम तेथे आजही चालू आहे. बंधारा बांधून कोणी मोकळा होत नाही, तसेच बंदराचेही आहे.

या मार्गावर समुद्र आणि बंदर यांच्या दरम्यान लॉक गेट नाही. जहाज थेट आत येते. भरती-ओहोटीसाठी दरवाजाशी ताटकळावे लागत नाही, हा रॉटरडॅमचा मोठा फायदा आहे आणि एक दुखणेही आहे. त्या दुखण्याविषयी पुढे सविस्तर येईल.

जहाजे मोठी होत गेली तसे बंदर शहर सोडून समुद्राकडे सरकत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपोर्ट बांधण्यात आले. नंतर समुद्रात भराव घालून मासव्लाक्ते ही जमीन तयार केली गेली. तिचा दुसरा टप्पा २००८ साली सुरू होऊन २०१३ साली कामास आला. आज शहरापासून समुद्रकाठापर्यंत बंदराची लांबी ४० कि.मी.हून जास्त भरते. १९६२ पासून २००४ पर्यंत हे जगातील सर्वांत मोठे बंदर होते. पुढे आशियातील बंदरांनी त्यास मागे टाकले. तरी युरोपात त्याचा पहिला क्रमांक टिकून आहे. २०२४ साली येथे सुमारे ४३ कोटी ६० लाख टन मालाची चढउतार झाली.

नदीवरील वाहतूक स्वस्त का पडते

पाण्यावर तरंगणारे ओझे ओढण्यास जमिनीवरील ओझ्यापेक्षा फार कमी जोर लागतो, हे नदीकाठच्या माणसास सांगावयास नको. युरोपीय आयोगाच्या माहितीनुसार एक टन माल एक कि.मी. नेण्यास नदीमार्गाने जेवढी ऊर्जा लागते ती रस्त्याच्या मानाने सुमारे १७ टक्के आणि रेल्वेच्या मानाने सुमारे निम्मी असते. वेग मात्र कमी असतो. म्हणून कोळसा, लोहखनिज, खडी, तेल, धान्य, पशुखाद्य, खते असा जड आणि सडण्याची घाई नसलेला माल नदीने जातो.

ऱ्हाईनवर नेहमी दिसणारी मोठी बोट ११० मीटर लांब आणि ११.४ मीटर रुंद असते. पूर्ण भरली असता ती सुमारे ३,००० टन माल नेते. एका ट्रकमध्ये २५ टन धरले तर हा १२० ट्रकांचा माल झाला आणि तो तीन-चार माणसे नेतात. रॉटरडॅमहून जर्मनीतील डुईसबर्गकडे लोहखनिज नेताना यापुढची पायरी आढळते. इंजिन असलेली एक ढकलबोट आपल्यापुढे सहा बिनइंजिनाचे बार्ज बांधून घेते आणि एका खेपेत सुमारे १६,००० टन खनिज ढकलत नेते. गोव्यात मांडवी व झुआरी नद्यांतून मुरगावकडे खनिज नेणारे बार्ज ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या कामाची कल्पना येईल. ऱ्हाईनवर ते अनेक पटींनी मोठ्या प्रमाणावर आणि तीन-चार देश ओलांडून चालते.

देश ओलांडताना जकात लागत नाही, हेही स्वस्ताईचे एक कारण होय. जुन्या काळी ऱ्हाईनच्या काठी जागोजाग सरदारांचे नाके होते. काउब गावाजवळ नदीच्या मधोमध बेटावर चौदाव्या शतकात बांधलेला असा एक नाक्याचा किल्ला अजून उभा आहे. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत नदी सर्वांना खुली ठेवण्याचे तत्त्व मान्य झाले आणि त्यासाठी ऱ्हाईन आयोग नेमण्यात आला. १८६८ च्या मानहाइम करारानुसार नदीवर केवळ प्रवासाबद्दल कोणताही कर घेता येत नाही. हा करार दोन महायुद्धांनंतरही पाळला जातो. आयोगाची कचेरी आज फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे आहे.

पात्राची निगा

स्वित्झर्लंडमधील बाझलजवळून खाली जर्मनीतील इफेत्सहाइमपर्यंत नदीवर दहा बंधारे असून त्यांच्या लॉक गेटमधून बोटी पायरीपायरीने उतरतात. इफेत्सहाइमनंतर मात्र वाल फाट्याने रॉटरडॅमपर्यंत साडेसहाशे कि.मी.हून अधिक अंतरात एकही अडथळा नाही. वाहती नदी आहे तशी वापरली जाते.

'आहे तशी' हे तितकेसे खरे नाही. काठापासून पात्रात ठरावीक अंतरावर दगडी आडवे बांध काढलेले असतात. त्यांच्यामुळे कमी पाण्याच्या दिवसांत प्रवाह मधोमध एकवटतो आणि तळातील वाळू वाहून जाऊन वाट खोल राहते. एकोणिसाव्या शतकापासून हे काम होत आले आहे. याचा एक दुष्परिणाम असा की, तळ हळूहळू सतत खाली जातो आणि जेथे खडक किंवा कठीण थर आहे तेथे उंचवटा शिल्लक राहतो. वाळूच्या अतिउपशाने आपल्या नद्यांचे तळ खाली गेल्यावर काठच्या विहिरींचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातील धोका वेगळा सांगण्याचे कारण नाही.

काउबची पट्टी

बोट किती माल नेऊ शकेल हे तिच्या आकारापेक्षा पाण्याच्या खोलीवर ठरते. हिशोब सोपा आहे. बोट १० सें.मी. अधिक बुडाली तर ती ११० गुणिले ११.४ गुणिले ०.१, म्हणजे सुमारे १२५ घनमीटर जास्त पाणी बाजूस सारते. पुढच्या-मागच्या टोकांकडील निमुळता भाग वजा केला तर १०० ते ११० टन माल अधिक बसतो. उलटपक्षी नदी १० सें.मी. उतरली की तेवढा माल धक्क्यावर राहतो.

संपूर्ण मार्गात सर्वांत उथळ जागा असेल तिच्यावर भरती ठरते. मध्य ऱ्हाईनवर ही जागा म्हणजे वर उल्लेखिलेल्या किल्ल्याजवळील काउब होय. तेथील पातळीदर्शक पट्टीवरचा आकडा रोज प्रसिद्ध होतो आणि बाझलपासून रॉटरडॅमपर्यंतचे व्यापारी तो पाहतात. आपल्याकडे धरणाचा टक्का पाहून उसाची लागण ठरवतात, त्यातलाच हा प्रकार. वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पट्टीवरील शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. काउब येथे पट्टीच्या आकड्यात साधारण १ मीटर १० सें.मी. मिळवले की जहाजवाटेची खोली मिळते. समजा पट्टी ८० सें.मी. दाखवते. खोली झाली १ मीटर ९० सें.मी. तळाला घासू नये म्हणून २० सें.मी. सोडले तर बोट १ मीटर ७० सें.मी. बुडवता येईल. पूर्ण भरलेली बोट साडेतीन मीटर बुडते. म्हणजे १८० सें.मी. कमी, प्रत्येक १० सें.मी.ला ११० टन याप्रमाणे जवळजवळ २,००० टन माल कमी. तीन हजार टनांची बोट हजार टनांवर आली. इंधन, नोकरांचा पगार आणि कर्जाचा हप्ता मात्र तोच राहिला.

म्हणून भाड्याच्या करारांत काउबच्या पट्टीशी जोडलेला कमी पाण्याचा अधिभार असतो. बऱ्याच करारांत पट्टी १५० सें.मी.च्या खाली गेली की अधिभार सुरू होतो, पातळी उतरेल तसा वाढत जातो आणि ८० सें.मी.च्या आसपास पोहोचल्यावर माल नेण्याचे बंधनच उरत नाही. मग ज्याची त्याची घासाघीस. पावसाचा धोका कोणी किती सोसावयाचा, हे पेरणीआधीच कागदावर लिहून ठेवण्याची ही पद्धत आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबची पट्टी २५ सें.मी.पर्यंत उतरली. काउबच्या वरच्या बाजूस लुडविग्सहाफेन येथे बी.ए.एस.एफ. कंपनीचा प्रचंड रासायनिक कारखाना आहे. तेथेच ओपाऊ विभागात १९१३ साली हवेतील नत्रापासून अमोनिया बनविणारा जगातील पहिला मोठा कारखाना सुरू झाला होता. आज आपण युरियाची गोणी वापरतो तिचा उगम तेथे आहे. या कारखान्याचा कच्चा माल नदीने येतो. २०१८ च्या कमी पाण्याने कंपनीला सुमारे २५ कोटी युरोंचा फटका बसला. ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा पट्टी ३० सें.मी.च्या आसपास आली. त्या महिन्यात लोबिथ येथे नदीचा प्रवाह सेकंदाला ७०० घनमीटरांच्या, म्हणजे २५ हजार क्युसेक्सच्या खाली गेला होता. तेथील सरासरी सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे ७८ हजार क्युसेक्स आहे. दरम्यान कंपनीने रुंद व उथळ बुडणारी एक बोट बांधून घेतली होती. ती २०२३ साली पाण्यात उतरली. १३५ मीटर लांब व साडेसतरा मीटर रुंद अशी ही बोट काउबला ३० सें.मी. पट्टी असतानाही ८०० टन माल नेऊ शकते. रुंदी वाढवून बुडण्याची खोली कमी करावयाची, एवढेच तिचे तंत्र होय.

बार्जमालक आणि पाळीची पद्धत

नेदरलँडमधील बरेच बार्ज कंपन्यांचे नसून कुटुंबांच्या मालकीचे आहेत. नवरा-बायको मिळून बोट चालवतात. मागच्या भागात घर असते, छतावर मोटारगाडी असते आणि बंदर आले की ती लहानशा क्रेनने काठावर उतरवतात. मुले शाळेच्या वयाची झाली की त्यांना बोटवाल्यांच्या मुलांसाठी असलेल्या वसतिगृहात ठेवावे लागते. आपल्याकडील साखरशाळांचा प्रश्न वेगळा, गरिबी वेगळी. पण फिरत्या धंद्यात मुलांचे शिक्षण कसे करावयाचे, ही अडचण तीच. बोटीवर बँकेचे मोठे कर्ज असते. थोडक्यात, हा माणूस आपल्या बागायतदारासारखा आहे. भांडवल स्वतःचे, राबणे घरचे आणि भाव दुसऱ्याच्या हातात.

१९३० नंतरच्या मंदीत माल कमी आणि बोटी फार झाल्या. पोटासाठी बोटवाले एकमेकांचे भाडे पाडू लागले. तेव्हा १९३३ साली सरकारने कायदा करून पाळीची पद्धत आणली. रिकामी झालेली बोट गावच्या भाडेबाजारात नोंदवायची. रोज तेथे माल पुकारला जाई. भाडे ठरलेले असे. यादीत ज्याचे नाव वर असेल त्याने प्रथम माल निवडावयाचा, त्याने नाकारला तर पुढच्याने. आपल्याकडे ट्रक संघटनांच्या अड्ड्यावर नंबर लावतात, तशीच ही व्यवस्था. मात्र ती देशांतर्गत वाहतुकीस आणि बेल्जियम-फ्रान्सकडील काही वाहतुकीस लागू होती. ऱ्हाईन मानहाइम करारामुळे मोकळी होती. त्यामुळे एकाच देशात, शेजारशेजारच्या पाण्यात, एकीकडे ठरलेले भाडे व पाळी आणि दुसरीकडे खुला बाजार असे दोन प्रकार साठ वर्षांहून अधिक काळ चालले.

पाळीचे गुण आणि दोष दोन्ही होते. लहान बोटवाल्यास हमखास माल मिळे व तोही पडेल भाड्याने नव्हे. परंतु गिऱ्हाइकास आपल्या पसंतीची बोट ठरवता येत नसे, चपळ आणि आळशी यांस सारखाच भाव मिळे आणि बोटी आठवडेच्या आठवडे पाळीची वाट पाहत उभ्या राहत. १९७५ साली सरकारने पद्धत मोडीत काढण्याचा विचार केला तेव्हा बोटवाल्यांनी बोटी आडव्या लावून जलमार्ग अडवले. १९९३ साली पुन्हा तसेच झाले. अखेर युरोपीय समुदायाने १९९६ साली निर्देश काढला की, १ जानेवारी २००० पासून सर्व भाडी खुल्या कराराने ठरावीत. नेदरलँडने ही पद्धत त्याआधीच, १९९८ साली, बंद केली. मधल्या काळात जुन्या बोटी मोडणाऱ्यास अनुदान देण्यात आले आणि नवी बोट आणणाऱ्यास तेवढ्याच वजनाची जुनी बोट मोडण्याची किंवा पैसे भरण्याची अट घातली गेली.

पुढे काय झाले ते शेतकऱ्यास ओळखीचे वाटेल. २००८ पूर्वीच्या तेजीत भाडी चढली, बँकांनी सढळ हाताने कर्ज दिले आणि मोठमोठ्या बोटींच्या मागण्या नोंदवल्या गेल्या. त्या बोटी पाण्यात उतरेपर्यंत मंदी आली. भाडी कोसळली, हप्ते मात्र चालूच राहिले. कांद्याला भाव आला म्हणून सगळ्यांनी कांदा लावावा आणि काढणीला भाव पडावा, तोच हा प्रकार. फरक इतकाच की कांदा चार महिन्यांत संपतो आणि बोट पन्नास वर्षे टिकते.

दुष्काळात मात्र बोटवाल्याची चांदी होते. प्रत्येक बोट तिसरा हिस्साच माल नेऊ लागली की तोच माल हलविण्यास तिप्पट बोटी लागतात आणि भाडे उसळते. कारखानदार ज्या महिन्यात रडतो त्या महिन्यात बोटवाला मागील वर्षांचे कर्ज फेडतो. यात त्याचा लबाडपणा काही नाही. एरवीच्या स्वस्ताईत त्याने सोसलेले असते, याचा विसर पडू नये असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खुल्या बाजारात एकट्याचे चालत नाही म्हणून सहकारी संस्थांचाही आधार घेतला जातो. एन.पी.आर.सी. ही बोटमालकांची सहकारी संस्था १९३५ सालापासूनची आहे. ती मोठ्या गिऱ्हाइकाशी वर्षाचा करार करते आणि काम सभासदांच्या बोटींत वाटते. गिऱ्हाइकाला बोटीची खात्री मिळते, सभासदाला घासाघीस करावी लागत नाही.

पशुखाद्याची वाट

समुद्रपार येणाऱ्या शेतमालात सोयाबीन व धान्य यांना मोठे स्थान आहे. ब्राझील आणि अमेरिकेतून आलेले सोयाबीन रॉटरडॅम व ॲमस्टरडॅम येथे उतरते, त्याचे तेल काढले जाते आणि पेंड छोट्या बोटींतून कालव्याकाठच्या पशुखाद्य कारखान्यांकडे जाते. दक्षिणेकडील वेघेल गावी असे कारखाने १८२६ साली खुल्या झालेल्या कालव्याच्या काठी आहेत. या कामास ३५० ते ६०० टनी लहान बोटी लागतात. जुन्या बोटी मोडल्या, त्यांच्या जागी तेवढ्याच लहान नव्या बांधणे परवडत नाही, कारण माणसे तेवढीच लागतात आणि माल पाचवा हिस्सा बसतो. त्यामुळे मोठी नदी गजबजलेली आणि लहान कालवे सुने, अशी स्थिती येऊ लागली आहे.

जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. स्वस्त वाहतुकीमुळे आलेल्या पेंडेवर नेदरलँडने आपल्या जमिनीच्या कुवतीपेक्षा किती तरी अधिक गायी, डुकरे व कोंबड्या पोसल्या. पेंडेतील नत्र व स्फुरद शेणामुताच्या रूपाने त्याच लहानशा देशात साचत गेले. २०१९ नंतर तेथे नत्रप्रदूषणावरून शेतकऱ्यांची जी मोठी आंदोलने झाली, त्यांचे एक मूळ या धक्क्यांवर आहे.

खारे पाणी, गोडे पाणी

नव्या जलमार्गास समुद्राकडे दरवाजा नाही, हे वर सांगितलेच आहे. वादळी भरतीसाठी १९९७ साली दोन प्रचंड झडपांचे धरण तेथे बसविले आहे, पण ते क्वचितच बंद होते. एरवी वाट उघडी असते. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्याने ते तळाने आत सरकते. नदी भरून वाहत असली की त्यास मागे रेटते. नदी आटली की खार आत चढतो. वाट जितकी खोल, तितकी खाऱ्या पाण्याला सवड अधिक. २०१८-१९ मध्ये मोठ्या जहाजांसाठी हा मार्ग आणखी खोल करण्यात आला, त्या वेळी हीच काळजी व्यक्त झाली होती.

या खाराचा उपद्रव शेतीस होतो. पश्चिम नेदरलँडमध्ये गौडा शहराजवळ नदीचे पाणी कालव्यात घेतात आणि त्यावर बोस्कोप येथील प्रसिद्ध रोपवाटिका जगतात. शोभेच्या झाडांच्या या रोपांना क्लोराईड सहन होत नाही. गौड्याजवळ पाणी खारट झाले की तोंड बंद करून आतल्या भागातून लहान कालव्यांनी उलट्या वाटेने गोडे पाणी आणावे लागते. २००३, २०११, २०१८ व २०२२ साली असे करावे लागले. जवळच्या वेस्टलँड भागातील काचगृहवाले मात्र छपरावरील पावसाचे पाणी साठवून भागवतात. क्षारयुक्त विहिरीवर द्राक्षबाग असणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

टंचाईत पाणी प्रथम कोणास, याचा क्रम तेथे कायद्याने ठरलेला आहे. १९७६ च्या दुष्काळानंतर त्यास सुरुवात झाली. पहिला मान बंधाऱ्यांची सुरक्षितता आणि जे नुकसान कधीच भरून येणार नाही ते टाळणे याला. वाळलेली दलदलीची जमीन खचली तर ती पुन्हा वर येत नाही आणि मातीचा बांध वाळून तडकला तर गाव बुडते. दुसरा मान पिण्याचे पाणी व वीज. तिसरा मान थोड्या पाण्यात मोठे नुकसान वाचत असेल अशा कामांना. भारी भांडवली पिकांचे तात्पुरते सिंचन यात येते. चौथ्या पायरीवर सर्वसाधारण शेती, उद्योग आणि जहाजवाहतूक एका रांगेत बसतात. ज्या देशाचे नावच बंदरामुळे झाले, तेथे टंचाईत बोटीला शेतीच्या पुढचे पान मिळत नाही आणि शेतीलाही बोटीच्या पुढचे नाही. या रांगेत कोणाला किती, हे त्या वेळी किती नुकसान टळते ते पाहून ठरवतात. शेतकऱ्यांच्या तक्रारी असतातच. पण क्रम आधीच जाहीर असल्यामुळे ऐन उन्हाळ्यात दाराशी भांडण येत नाही.

द्राक्षांचा कंटेनर

आता आपल्या मालाकडे वळू. चाळीस फुटी शीत कंटेनरमध्ये सुमारे १३ टन द्राक्षे बसतात. सुवेझमार्गे न्हावा शेवा ते रॉटरडॅम हे अंतर सुमारे साडेसहा हजार सागरी मैल आहे. आफ्रिकेला वळसा घातला तर ते साडेदहा हजारांच्या वर जाते. मार्च २०२१ मध्ये सुवेझ कालव्यात आडवे होऊन सहा दिवस वाहतूक बंद पाडणारे 'एव्हर गिव्हन' जहाज रॉटरडॅमलाच निघाले होते, आणि तो आपल्या द्राक्षांचा ऐन हंगाम होता. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. त्यामुळे २०२४ च्या हंगामात बहुतेक कंटेनर केप ऑफ गुड होपच्या वळशाने गेले आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. दोन आठवडे म्हणजे घड्यांच्या देठांचा हिरवेपणा जाण्याचा काळ. शीतगृहात ० अंश सेल्सिअसला ठेवलेल्या द्राक्षांची काढणी, पूर्वशीतकरण व गंधकाचे पॅड यांत जी कसूर राहते ती पहिल्या तीन आठवड्यांत दिसत नाही, पाचव्या आठवड्यात दिसते.

रॉटरडॅमला उतरलेला द्राक्षाचा कंटेनर पुढे बहुतांशी ट्रकने जातो, नदीने नव्हे. यास कारण आहे. कंटेनर नेणारा बार्ज एका फेरीत अनेक धक्क्यांवर थोडे थोडे डबे उचलतो. धक्क्याचा मालक समुद्रावरील जहाज कंपनीकडून पैसे घेतो; बार्जवाल्याशी त्याचा करारच नसतो. त्यामुळे मोठे जहाज आले की क्रेन तिकडे वळते आणि बार्ज थांबतो. २०१७ साली ही कोंडी फार वाढून बार्ज दिवसेंदिवस उभे होते. बाजार समितीच्या दाराशी मोठ्या व्यापाऱ्याची गाडी आधी आत जाते आणि छोट्या शेतकऱ्याचा टेम्पो बाहेर उभा राहतो, त्याची येथे आठवण होते. सिमेंट किंवा रसायन थांबू शकते, समुद्रावर तीन-पाच आठवडे काढून आलेले द्राक्ष थांबू शकत नाही.

धक्क्यावर कंटेनरला काही दिवस मोफत मिळतात. त्यानंतर जागेचे, डबा अडकवून ठेवल्याचे आणि शीतयंत्राच्या विजेचे असे वेगवेगळे पैसे रोज चढत जातात. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराईड (सी.सी.सी.) या वाढनियंत्रकाचा अंश किलोस ०.०५ मि.ग्रॅ. या मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि आपले कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा मालाच्या घसरलेल्या किमतीवर हे रोजचे भाडेही चढत होते. माल हमीभावाने विकला असेल तर अशा खर्चाचा बोजा खरेदीदार व निर्यातदार यांच्यात वाटला जातो. विक्रीनंतर हिशोब, या बोलीवर पाठविला असेल तर तो पट्टीतून वजा होऊन बागायतदाराच्या वाट्यास येतो. म्हणून करारात मोफत दिवस किती, ते संपल्यावर खर्च कोणाचा, जहाजाचा मार्ग बदलल्यास भाव तोच राहणार काय, हे तीन मुद्दे काढणीपूर्वी लिहून घ्यावेत. कंटेनरमध्ये ठेवलेल्या तापमान नोंदयंत्राचा क्रमांक पॅकहाऊसमधून निघतानाच आपल्या वहीत उतरवावा. रॉटरडॅमहून माल खराब आल्याचा निरोप आला तर त्या यंत्राची संपूर्ण नोंद, धक्क्यावर डबा किती तास विजेविना होता त्यासह, मागून घ्यावी.